पाहुण्याचा अध्याय

यंदा मोहोर भरपूर आलाय आणि मला त्याचा राग येतो.

बागेत पाय ठेवला की वास अंगावर येतो. गोडसर, जरा आंबूस, नाकात ठाण मांडून बसणारा. कलमांच्या डहाळ्या टोकापर्यंत पिवळट तांबूस झाल्यात, पान दिसायला तयार नाही. पहाटे गारठा, दुपारी स्वच्छ ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर एव्हाना त्याने देवापुढे नारळ ठेवला असता. मी कलमाखाली उभा राहतो, वर बघतो आणि मनात म्हणतो, आता काय मागणार आहेस? कारण असा मोहोर मी याआधी एकदाच पाहिला होता. त्या वर्षी माझी आक्का गेली.

मी आंब्याचा व्यापारी. रत्नागिरीच्या आसपास सड्यावर, कातळाच्या माळावर, ज्या बागा आहेत त्या मी मोहोरावरच कराराने घेतो. म्हणजे झाडावर फुलाशिवाय काही नसतं आणि फळ किती धरेल याचा अंदाज बांधून मालकाशी सौदा करायचा असतो. पुढे थंडी पळाली, ढग आले, तुडतुडे पडले, की चार दिवसांत तोच मोहोर काळा पडतो आणि झाडाखाली भुसा होऊन पसरतो. मालक त्याचं ठरलेलं घेऊन मोकळा. उरलेलं माझ्या नशिबात. अशा धंद्यात माणूस गोड बोलणारा राहत नाही. माझा आवाज चढतो हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. 'शेठ भाव करत नाहीत, भांडतात,' असं लोक म्हणतात. म्हणोत. मला कुणी फुकट काही दिलेलं नाही.

एका आक्काखेरीज.

आई मी रांगत असतानाच गेली. बाबा जहाजावर खलाशी, वर्षाकाठी एकदा येणार आणि दोन दिवस दारू पिऊन झोपणार. मला वाढवलं ते थोरल्या बहिणीने, आक्काने. तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला आणि ती पुन्हा माझ्याकडेच आली. काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो. तिची बोटं टोकाला कायम काळी असत, सोललेली असत, आणि तशाच बोटांनी ती मला भात कालवून द्यायची. भाताला राखेचा वास यायचा, कारण चीक लागू नये म्हणून त्या बायका बोटांना राख फासत. आजही चुलीतली राख कुणी उकरली की मला भूक लागते.

वाशीच्या बाजारात मला पहिल्यांदा धाडलं तेही तिनेच. तिथे तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. दोघांचे हात रुमालाखाली जात आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. वरून गप्पा भलत्याच चाललेल्या, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचं गुडघ्याचं दुखणं. मी ते फार लवकर शिकलो. समोरच्याच्या बोटाला घाम फुटला की मला कळायचं, हा किती वर येणार. पुढे पुढे तर हात रुमालाखाली जायच्या आधीच कळायचं. आणि ज्याचं मला आधीच कळतं त्याच्याकडे मी नीट बघतसुद्धा नाही, ही माझी जुनी खोड.

माघ लागला की आमच्या देवळात पोथी बसते. देव शंकरच, पण गावात त्याला कुणी नावाने बोलत नाही. नुसतं 'देव' म्हणतात, घरातल्या थोरल्या माणसाचं नाव घेत नाहीत तसं. दिवे लागले की रोज एक अध्याय, शिवरात्रीपर्यंत. पोथीला दोन माणसं लागतात. एक ओवी वाचणारा आणि दुसरा अर्थ सांगणारा. वाचणारे सदूभाऊ. हे पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते, पण माघात रजा टाकून गावी यायचे, आणि निवृत्त झाल्यावर तर इथेच राहिले. आवाज खणखणीत. अर्थ सांगायला पूर्वी त्यांचे मामा बसायचे. ते गेले तेव्हा त्या पाटावर कोण बसणार यावरून गावात बरीच कुजबुज झाली, आणि खांबाला टेकून बसलेली आक्का सगळ्यांसमोर बोलली, "बाबूला बसवा. तोंडाचा पट्टा नायतरी चालूच असतो त्याचा. देवाच्या दारात चालू दे जरा."

मी बसलो. शाळा कमी झालेली, पण बाजारात माणसं पाहिलेली, त्यामुळे मला पोथीतली माणसं दिसायची. शिकाऱ्याचा अध्याय मी असा सांगायचो की बायका पदराने डोळे पुसून हसायच्या. शिकारी हरणाची वाट बघत बेलाच्या झाडावर बसलाय, हात रिकामे म्हणून पानं तोडून खाली टाकतोय, खाली पिंडी आहे हे त्याच्या गावीही नाही, आणि देव त्याच्यावर खूश. मी म्हणायचो, "बघा, आपण वर्षभर मोजून बेल वाहतो, आपल्याला काय मिळतं? याने टाइमपास केला आणि याला कैलास." सदूभाऊ चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे, पण तेही गालात हसत असत.

आणि मग एका संध्याकाळी तो अध्याय यायचा. पोथीत त्याला आकडा आहे, आमच्याकडे त्याला पाहुण्याचा अध्याय म्हणतात. राजाराणीचा नेम आहे की दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही. देव पाहुणा होऊन येतो आणि जेवायला त्यांचं एकुलतं एक मूल मागतो. ते देतात. आईने स्वतःच्या हाताने रांधायचं, डोळ्याला पाणी आणायचं नाही. पान वाढून झाल्यावर पाहुणा म्हणतो, तुमचा मुलगा कुठे आहे, त्याला हाक मारा, मुलाशिवाय मी जेवत नाही. जिला ठाऊक आहे मुलाचं काय झालं, तिने दारात उभं राहून त्याला हाक मारायची.

तिथे सदूभाऊ थांबतात. ही आमच्या गावची रीत. दुसरीकडे असते की नाही मला माहीत नाही. त्या ओवीनंतर वाचणारा पोथीवर हात ठेवून थांबतो आणि देवळातल्या बायका आपापल्या माणसाला हाक मारतात. आमच्या गावचे अर्धे पुरुष मुंबईत, काही बोटीवर, कुणी आखातात. "सुरेश, ये रे." "विनायका, ये रे बाळा." हळू आवाजात सुरू होतं आणि मग एकमेकींच्या आवाजात आवाज मिसळून सगळा सभामंडप भरतो. सगळ्यांचं झालं की सदूभाऊ हात उचलतात आणि पुढची ओवी वाचतात, ज्यात मूल धावत येतं.

आक्का माझ्या नावाने हाक मारायची. मी तिच्यासमोर पाटावर देवाकडे तोंड करून बसलेला असायचो, आणि ती मागून, "बाबू, ये रे."

एकदा मी घरी चिडलो. "मी समोर बसलेलो असतो, तू हाका कुणाला मारतेस? लोक हसतात."

"तू कुठे समोर असतोस?" ती म्हणाली. "तू वाशीला असतोस."

त्या वर्षी मोहोर यंदासारखाच होता. मी आयुष्यातला सर्वात मोठा सौदा केला होता आणि हवा माझ्या बाजूने होती. आक्काच्या पोटात दुखत होतं. आधी ती ओवा खात राहिली, मग सांगितलं. रत्नागिरीचे डॉक्टर गाठ आहे म्हणाले, मुंबईला न्या म्हणाले. ती रोज तरीही पोथीला यायची, चढावर दोनदा थांबून. आणि पाहुण्याचा अध्याय आला त्या संध्याकाळी मला तो सांगता येईना. सदूभाऊंनी ओवी वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि माझा आवाज चढला. मी म्हटलं, जो माल न्यायचाच नाही तो मागायचा कशाला? शिकाऱ्याला न मागता दिलं, आणि ज्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही त्यांचं काळीज काढून बघितलं. यात अर्थ कसला सांगायचा? हा न्याय नव्हे. सदूभाऊंनी पुढची ओवी घेतली म्हणून वेळ निभावली.

उतरताना आक्काने माझ्या दंडाला धरलं होतं. बागेतून येणारी वाट, दोन्ही बाजूंनी मोहोर.

"काय बोल्लास तू वर बसून?"

"खरं ते बोललो. असलं गिऱ्हाईक माझ्या दारात आलं असतं तर हाकलून दिलं असतं."

ती पोट धरून हसली. "आणि तो गेला असता होय रे, तुझ्या सांगण्यावरनं?"

"तुला भीती वाटत नाही त्याची?"

"वाटते की. म्हणून तर रोज जाते. ज्याचं सगळं ठाऊक हाय त्याच्याकडे कशाला जाऊ? नाक्यावरच्या वाण्याकडे जाते काय मी पाया पडायला?"

"मग काय म्हणायचं मी? बरं केलं म्हणायचं?"

ती थांबली. दम घ्यायला थांबली असं मला वाटलं. "बरं म्हणू नको. वाईट म्हणू नको. नाय लागला अर्थ, तर नाय लागला म्हण, आणि पुढे वाचायला सांग. मधेच पोथी मिटायची नाय, बाबू. मूल अजून यायचं असतं."

दोन दिवसांनी मी कौल लावला. आमच्याकडे मोठं काही करायचं तर देवाला विचारतात. भिकू गुरवाने पिंडी ओली केली, दोन्ही बाजूंना फुलाचे कळे चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं. "देवा म्हाराजा, तुझी लेक आजारी हाय. तिला मुंबईला न्यावी काय? न्यायची असेल तर उजवा कौल दे." कळे चिकटून राहतात कधी कधी तासभर. माणसं उभी राहून राहून थकतात. त्या दिवशी भिकूचं बोलणं संपायच्या आत उजवा कळा सुटून खाली आला. भिकू म्हणाला, "शेठ, असा कौल मी बघितला नाय." मला हायसं वाटलं. सौदा पक्का झाला होता. आक्काला विचारलं तर म्हणाली, "बरं. आंबा पिकायच्या आत आणून सोड म्हणजे झालं."

डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. ते मी कुणालाही सांगेन. पण नेलं तेव्हा मोहोराला नुकती कणी धरली होती, आणि कैरी सुपारीएवढी झाली तेव्हा मी एकटा परत आलो.

भिकू भेटायला आला. माझ्यासमोर बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "आपण न्यावी काय एवढंच विचारलं होतं, शेठ." असली पळवाट मला शिकवायची गरज नव्हती. ती मी बाजारात कितीदा वापरली आहे. मी त्याला उठवून घालवलं. नंतर कधीतरी त्याच्याशी बोलायला लागलो, तो बिचारा निरोपाचा धनी. पण देवाशी नाही. रुमालाखाली बोट दाबल्यावर शब्द फिरवणाऱ्या माणसाकडे बाजारात पुन्हा कुणी जात नाही. मीही गेलो नाही. पाट सोडला, देऊळ सोडलं. बायको नैवेद्य घेऊन जायची, मी वर्गणी देऊन टाकायचो. शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते, माझ्याही अंगणात येते. ढोल ऐकू आला की मी गोदामामागे जाऊन पेट्यांना खिळे मारत उभा राहायचो. ढोल थांबायचा, बायको ओटी भरायची, कुणीतरी विचारायचं, "शेठ नाहीत?" ती म्हणायची, "आहेत, कामात आहेत." मग ढोल पुढच्या घरी जायचा. दरवर्षी तो दारात येत होता आणि दरवर्षी मी त्याला तोंड दाखवलं नाही.

तो राग चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही. दिलेल्या कौलाचं उत्तर मला मिळालेलं नाही. हळहळ वाटते ती वेगळीच.

आक्काचा आवाज माझ्याकडून हरवला. रागाला दवाखाना तेवढा आठवतो. तिथला फिनेलचा वास, लोखंडी खाट, बाहेरच्या बाकावरचं माझं बसणं. जिथे ती खरी होती, जिथे ती खांबाला टेकून माझ्या नावाने हाक मारायची, तिथे मी पाऊलच टाकलं नाही. तिच्या पाठीच्या तेलाचा त्या खांबावर डाग होता. बायको सांगते, मध्ये देवळाला रंग दिला तेव्हा तो गेला. मला कळलंसुद्धा नाही. देवावर रुसलो आणि घरचं माणूस तिथेच विसरून आलो.

आणि अलीकडे, वय झाल्यामुळे असेल, दुसरंही एक टोचतं. मी आयुष्यभर मान दिला तो फक्त न कळणाऱ्या माणसांना. वाशीला एक म्हातारा दलाल होता. त्याची बोटं कोरडी असायची, थंड. तो किती देणार हे मला एकदाही ओळखता आलं नाही. कधी वाटल्याच्या दुप्पट द्यायचा, कधी हात काढून घेऊन निघून जायचा. त्याच्यासमोर जाताना मी शर्ट बदलून जायचो. बाकीच्यांशी बोलताना माझं लक्ष रस्त्यावर. मग देवच तेवढा मला ठरलेल्या भावाचा का हवा होता? इतका बेल, इतके नारळ, त्याबदल्यात आक्का. असा देव मिळाला असता तर मी त्याच्याकडे नाक्यावरच्या वाण्यासारखंच बघितलं असतं. हे आक्काला काजू फोडता फोडता कळलं होतं. मला कळायला इतके मोहोर जावे लागले, आणि कळून बरं वाटतं असंही नाही.

या माघाच्या सुरुवातीला सदूभाऊ गोदामात आले. काठी टेकत, कान जरा कमी झालेले. खोक्यावर बसले.

"शेठ, यंदा पोथी बसणार नाही बहुतेक."

"का? तुमचा पुतण्या सांगायचा ना अर्थ?"

"पुण्याला गेला नोकरीला. देवळातली पोरं म्हणतात, मोबाइलवर लावू. स्पीकर आणलाय, इवलासा डबा. काल लावून बघितला. आवाज छान आहे."

"मग लावा."

"तो थांबत नाही हो," सदूभाऊ म्हणाले. "पाहुण्याच्या अध्यायाला थांबायचं असतं ना. हाका मारायच्या असतात. मुलाला हाक मारली की लगेच पुढची ओवी. मूल येऊनसुद्धा जातं. बायका तोंड उघडून बसल्या होत्या."

मी खिळे निवडत राहिलो. ते उठेनात.

"मी देवाची बाजू घेणार नाही," मी म्हटलं.

"घेऊ नका. त्याला वकील लागत नाही."

"पाया पडणार नाही."

"पडू नका."

"अर्थ मला जसा दिसेल तसा सांगणार."

"पूर्वी तरी कुठे वेगळा सांगायचात?" ते काठीवर भार देऊन उठले. "चपला तेवढ्या बाहेर काढा म्हणजे झालं."

इतक्या स्वस्तात मी कधी सौद्याला होकार दिला नव्हता.

काल पाहुण्याचा अध्याय होता. आक्काचा खांब आता पोपटी आहे. त्याला टेकून कुणाची तरी सून बसली होती, मांडीवर झोपलेलं मूल. माणसं पूर्वीच्या निम्मी. सदूभाऊंचा आवाज खरवडतो आता, पण ओवी सुटत नाही. पाहुणा आला, पाहुण्याने मागितलं. सदूभाऊ थांबले आणि माझ्याकडे बघितलं. बाहेरून मोहोराचा वास येत होता. मागच्या वेळचं मंडपात किती जणांच्या लक्षात होतं कोण जाणे. भिकू गुरव गाभाऱ्याच्या दारात उभा होता, त्याच्या नक्की लक्षात होतं.

मी देवाकडे बघितलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, सरळ. काळा दगड, ओला, त्यावर दिव्याचा ठिपका. त्या वाशीच्या म्हाताऱ्यासारखाच, काही म्हणजे काही कळू देत नव्हता.

"याचा अर्थ मला लागला नाही," मी म्हटलं. "पुढे वाचा."

मागून कुणी बाई म्हणाली, "आमाला तरी कुठं लागलाय, शेठ." थोडं हसू झालं. सदूभाऊंनी पुढे वाचलं. आईने रांधलं, पान वाढलं, पाहुणा अडून बसला, आणि ती दारात येऊन उभी राहिली. सदूभाऊंनी पोथीवर हात ठेवला.

"राजू, ये रे." "मंग्या, ये रे बाळा." आवाज आता थोडे, त्यामुळे प्रत्येक वेगळा ऐकू येत होता. खांबाजवळच्या सुनेने नवऱ्याचं नाव न घेता मुलाच्या नावाने हाक मारली, "पिंट्याच्या बाबा, या हो." माझ्या नावाने कुणी हाक मारली नाही. मारणार कोण. पुरुष हाक मारत नाहीत, तशी रीत नाही. हाका एकेक करून थांबल्या, तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला, कुणाशी भाव करताना असतो त्याच्या निम्मासुद्धा नाही.

"आक्का, ये गो."

सदूभाऊंचे कान कमी झालेत, तरी त्यांनी हात उचलला नाही. बराच वेळ तसाच ठेवला. मी मागे वळून खांबाकडे बघितलं नाही.

"वाचू पुढे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "वाचा."